भोकांच्या ब्रेक डिस्कपेक्षा आधी हब बघा

जुन्या गाडीला भोकं पाडलेल्या ब्रेक डिस्क घाटात कमी तापतात, म्हणून त्याच घ्या असं इथं आधी कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. भोकं पाडली की लोखंड कमी होतं आणि उष्णता साठवणार ते लोखंडच, शिवाय तापून-गार होऊन भोकांच्या कडेनंच बारीक चिरा पडतात. करूळ घाट उतरताना खालचा गिअर ठेवा, रस्त्यावरच्या जुन्या गाडीला चांगल्या बिडाची (ओतीव लोखंडाची) साधी डिस्क बास झाली, आपल्या कोल्हापुरात बीड काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको.

पण हबबद्दल, म्हणजे चाकाच्या मधल्या ज्या भागावर डिस्क बसते त्याबद्दल, कुणीच बोललं नाही. जुन्या गाडीच्या हबवर गंजाचे पोपडे असतात, त्यावर नवी कोरी डिस्क बसवली तरी ती किंचित तिरकी फिरते, मग काही हजार किलोमीटरनी डिस्कची जाडी कमी-जास्त होऊन ब्रेकचं पेडल थरथरायला लागतं आणि लोक डिस्कला शिव्या घालतात. पॉलिश पेपरनं हब चकचकीत करा, डिस्क लावून नट नीट आवळा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही टर्नरकडं (लेथवाल्याकडं) डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप, मिळेल, त्याचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ टेकवून हातानं फिरवा. काटा ०.१ मिमीच्या वर हलला तर डिस्क काढून एक नट पुढं फिरवून बसवा आणि परत बघा, बऱ्याचदा तेवढ्यानंच जमतं.