मदत हवी आहे: हिवाळी वाचन चॅलेंज, जाडं पुस्तक आधी घेऊ की शेवटी?

१ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी असं ९० दिवसांचं ऑनलाइन वाचन चॅलेंज घेतलंय, १० प्रॉम्प्ट (म्हणजे कसलं पुस्तक वाचायचं याच्या अटी, प्रत्येकीला एक पुस्तक) आहेत, अर्धे दिवस संपले आणि माझी चारच पुस्तकं झालीत. उरलेल्या सहात एक ५०० पानांच्या वरचं हवंय आणि तेच मला सगळ्यात जास्त वाचायचंय. रोज ३० पानं होतात, म्हणजे ४५ दिवसांत १३५०, त्यातली ५०० तिकडे गेली की बाकी पाचांना प्रत्येकी १७० च उरतात. म्हणून ती पाच बारीकच निवडलीत, कथासंग्रह वगैरे.

दोन पुस्तकं एकदम वाचून बघितली पण दोन्हीचे धागे सुटायला लागले, ते बंद केलं. सुट्टीच्या दिवशी ८० पानं बसून काढली तर दुसऱ्या दिवशी पुस्तक हातातच घ्यावंसं वाटेना. एक पुस्तक दोन प्रॉम्प्टला चालत नाही, ऑडिओबुक एकच चालतं आणि ते मी आधीच वापरलंय. प्रॉम्प्ट बदलता येत नाही, आणि नुसतं चाळून टिकमार्क करायचं नाहीये मला.

ज्यांनी असं चॅलेंज पूर्ण केलंय त्यांनी सांगा ना, जाडं पुस्तक आत्ताच सलग संपवलं की पाच बारीक आधी उरकून ते शेवटी ठेवलं, आणि त्यात रोजचा वेग टिकला का?