मदत हवी आहे: ड्रोसोफिलात जिवाणूंविरुद्ध निवड करतोय, पण कंट्रोलच्या माश्याही तगताहेत

ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीवर प्रयोग चालू आहे. दर पिढीत ३ ते ५ दिवसांच्या माश्यांना स्यूडोमोनास एंटोमोफिला या कीटकांना मारणाऱ्या जिवाणूत बुडवलेली सुई वक्षाच्या बाजूला टोचतो. ९६ तासांनी ज्या जगतात त्यांची अंडी पुढच्या पिढीला. कंट्रोलला, म्हणजे तुलनेच्या गटाला, निर्जंतुक बफरची (क्षारांच्या द्रावणाची) सुई. सुरुवातीला निम्म्या माश्या मरायच्या. आता चाचणीत जिवाणू टोचले तर दोन्ही गटांत मरतूक कमी येते. जिवाणू आधीच्या कल्चरमधूनच (वाढवलेल्या जिवाणूंच्या द्रवातूनच) पुढे नेतो, ओडी (द्रवाच्या गढूळपणाचं माप) कायम १.० ठेवतो. याला प्रतिकार म्हणायचं का?

प्रतिसाद १
इतक्यात नको. कंट्रोलवर जिवाणूंची निवड झालेलीच नाही, मग त्याही सुधारल्या तर आधी संशय कल्चरवर. मिडियात (जिवाणूंच्या खाद्यद्रवात) वारंवार वाढवलं की तिथे जोमाने वाढणाऱ्या पेशी माजतात, मारकता टिकवणाऱ्या मागे पडतात. स्यूडोमोनासांत गॅकएस-गॅकए या नियंत्रक प्रथिनांच्या जोडीत बिघाड झालेल्या पेशी अशाच पुढे येतात, आणि एंटोमोफिलाची मारकता बरीचशी याच जोडीच्या हातात आहे. ओडी फक्त गढूळपणा मोजतो, त्यामुळे तुम्हाला आकडा तोच दिसत राहतो.

उणे ८० अंशांवर गोठवून ठेवलेल्या मूळ ग्लिसरॉल स्टॉकमधून (जिवाणूंच्या साठ्यातून) नवं कल्चर उठवा. एकाच दिवशी, एकाच हाताने, कंट्रोलच्या माश्यांना ते आणि चालू कल्चर टोचून पाहा. मूळ कल्चरने मरतूक पुन्हा निम्म्यावर आली तर दोष जिवाणूंचा. मग मधल्या पिढ्यांत निवडीचा दाबही सैल पडला होता, हे हिशेबात धरा. नाहीच आली, तर निवडीच्या गटातल्या माश्या कंट्रोलच्या बाटल्यांत शिरल्या का, ते तपासा. यापुढे स्टॉकच्या छोट्या कुप्या भरून ठेवा आणि दर पिढीला नवी कुपी उघडा.

प्रश्नकर्ता
मूळ स्टॉक आहे. चाचणीला माश्या थेट निवडीच्या पिढीतल्या घेतल्या तर चालेल?

प्रतिसाद २
नाही चालणार. आई-बाप आजारातून उठलेले असले तर त्याचा परिणाम पिल्लांवर उतरू शकतो, आणि तो आनुवंशिक बदलासारखाच दिसतो. दोन्ही गट एक पिढी काहीही न टोचता वाढवा, माश्यांच्या दर कुपीत मोजून ७० अंडी. दाटी वेगळी झाली की माश्यांचा आकार बदलतो आणि तुलनाच बिघडते.

शिवाय नुसती मरतूक मोजू नका. टोचल्याबरोबर आणि नंतर ठरावीक तासांनी काही जिवंत माश्या घ्या, ७० टक्के इथेनॉलमध्ये १ मिनिट बुडवून धुवा, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर बफरमध्ये चिरडा, दहापटीने विरल करत प्लेटवर पसरवा. ३० ते ३०० वसाहती असलेलीच प्लेट मोजा. सुरुवातीचा भार (माशीतल्या जिवाणूंची संख्या) सारखा आणि पुढे निवडीच्या गटात कमी, तर तो प्रतिकार. भार सारखाच राहूनही माश्या जगल्या तर ती सहनशीलता, आणि जिवाणूंच्या प्रसाराच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे.

प्रतिसाद ३
प्रतिकारासाठी माश्यांना मोजावी लागणारी किंमतही तपासा, पण अळ्यांना अन्न तुटपुंजं ठेवून. क्रायेवेल्ड आणि गॉडफ्रे यांच्या १९९७ च्या प्रयोगात परजीवी गांधीलमाशीविरुद्ध ५ पिढ्यांत अळ्यांची जगण्याची क्षमता ५ टक्क्यांवरून निम्म्याच्या वर गेली होती. प्रतिकारक अळ्या स्पर्धेत मागे पडल्या, तेही अन्नाची टंचाई असतानाच. भरपूर अन्नात हा फरक सापडणार नाही.