विषय: मुलीला सोशल पॉलिसीत पदवी करायची आहे, मुंबईत की इंग्लंडला?

प्रेषक: नी., मुलुंड पूर्व

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या गडबडीत हा वेगळाच विषय घुसवतेय, सांभाळून घ्या. आम्ही लंडनचं हॅरो सोडून मुलुंडला आलो ते जुन्या सभासदांना माहीत आहेच. यांची बदली 'दोन वर्षांपुरती' होती, आता इथलेच झालोय. कन्या यंदा बारावीला, आयएससी बोर्ड. गणित, अर्थशास्त्र, समाजशास्त्र. जन्म लंडनचा, पासपोर्ट ब्रिटिश, ओसीआय कार्ड (परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) तान्ही असतानाच काढलेलं.

तिला सोशल पॉलिसी करायची आहे. म्हणजे रेशन, पेन्शन, घरं, शाळा, दवाखाने यांचे निर्णय सरकार कसे घेतं, पैसा कुठून आणतं आणि तो ज्याच्यासाठी निघाला त्याच्यापर्यंत पोचतो का. लाडकी बहीण योजना आली तेव्हा आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा फॉर्म हिनंच भरून दिला होता, तेव्हापासून डोक्यात बसलंय.

सासूबाई म्हणतात, एवढंच आहे तर यूपीएससी कर. हे म्हणतात, ब्रिटिश पासपोर्ट आहे, तिकडची फी आपल्याला तिथल्या मुलांइतकीच लागेल, एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) नाहीतर ब्रिस्टल. मला वाटतं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) देवनारला आहे, घरून जाऊन-येऊन करेल. तिघांनाही नीट माहिती नाही हे मात्र खरं. कोणाच्या मुलांनी हा विषय घेतला असेल तर कृपया लिहा.

नी.

---

प्रेषक: वि., हॅरो

ताई,

मी इथल्या एका काउन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या, हाउसिंग खात्यात आहे, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या भाकरीचा. आधी फीचं बोलतो, कारण बाकी सगळं त्यावर फिरतं.

पासपोर्टवर फी ठरत नाही. इंग्लंडमध्ये 'होम' फी लागायला दोन गोष्टी लागतात: नागरिकत्व किंवा कायमचा राहण्याचा हक्क, आणि कोर्स सुरू होण्याआधीची सलग तीन वर्षं यूकेतला नेहमीचा रहिवास. तुम्ही तीन वर्षं मुलुंडला असाल तर दुसरी अट कोसळते, आणि ओव्हरसीज फी लागते. स्टुडंट लोनचाही जवळपास हाच नियम. ब्रिटिश पासपोर्टचा फायदा एवढाच, की व्हिसा नाही आणि व्हिसावाल्यांना सरकारी आरोग्यसेवेसाठी भरावा लागतो तो हेल्थ सरचार्ज नाही. फीपुढे तो फायदा म्हणजे काहीच नाही.

एक पळवाट कायदेशीर आहे. आई किंवा वडील तात्पुरत्या नोकरीसाठी परदेशी गेले आणि म्हणून कुटुंब बाहेर होतं असं कागदावर दाखवता आलं, तर मधली वर्षं धरली जाऊ शकतात. म्हणून विचारतो, भाऊजी अजून इथल्या कंपनीच्याच पेरोलवर आहेत की मुंबईच्या? बदलीच्या पत्रात मुदत लिहिलेली आहे का? शेवटचा शब्द ज्या त्या विद्यापीठाचा असतो, ते फॉर्म पाठवतात. नियम सविस्तर यूकेसीसा या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या संस्थेच्या वेबसाइटवर आहेत, एकदा चहा घेऊन शांतपणे वाचा.

आणि कोणी 'मुलीला दोन वर्षं आमच्याकडे ठेवा, ए-लेव्हल (इथली बारावी) करू दे' असं सुचवेल, आमच्या मंडळात असे सल्ले फुकट मिळतात. मुख्यतः शिक्षणासाठीच केलेला रहिवास त्या तीन वर्षांत धरत नाहीत. उगाच मुलीला आईबापांपासून लांब ठेवू नका.

स्कॉटलंडचा विचार असेल तर एडिनबरोला हा विषय चांगला आहे, पण तिथे पदवी चार वर्षांची. ओव्हरसीज फीनं एक वर्ष जास्त म्हणजे काय ते भाऊजींना सांगायला नको.

वि.

---

प्रेषक: काका, नायगाव

चि. नी. हिस अनेक आशीर्वाद.

वि. ने पेरोलचा प्रश्न विचारला. सोपी खूण सांगतो. जावईबापूंच्या पगाराच्या स्लिपवर खाली 'पीटी २००' अशी कपात आहे का पाहा. फेब्रुवारीत ती ३०० होते, वर्षाचे २५००. असेल तर ते महाराष्ट्राचे पगारदार झाले, तुमचा 'तात्पुरता' मुक्काम संपला.

पण ती ओळ मुलीलाही दाखव, कारण तिच्या विषयाचा अख्खा धडा तीत आहे. हा व्यवसाय कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यावर आली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीपासूनच मागेल त्याला काम ही कल्पना लावून धरली होती. काम द्यायचं तर दर वर्षी पैसा हवा, तो आणायचा कुठून? मुंबईच्या पगारदाराकडून. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. फोर्टात टायपिंग करणारा कारकून सोलापूरकडच्या बांधबंदिस्तीची मजुरी देत होता आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढे २००५ साली केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी कायदा आला त्याची पहिली तालीम इथेच झालेली. कोणावर कर बसवायचा, कोणाला हक्क द्यायचा, आणि देणारा का कुरकुरत नाही? माझ्या मते हा विषय म्हणजे हेच तीन प्रश्न, बाकी सगळी त्याची फोड.

तेव्हा माझं मत, पहिली पदवी इथेच. ज्या यंत्रणेवर पुढे काम करायचं तिच्या गावात राहून शिकावं. विलायतेत हा विषय उगवला म्हणून तिकडेच जायचं असं काही नाही. आणि उगवला म्हणायचं तर त्यात मुंबईचाही पैसा आहे. १९१२ च्या सुमारास गरिबीच्या कारणांचा अभ्यास व्हावा म्हणून सर रतन टाटांनी एलएसईला देणगी दिली. त्या कामाचे प्रमुख होते आर. एच. टॉनी, आणि पुढे पंतप्रधान झालेले अ‍ॅटली तेव्हा त्याच विभागात शिकवत होते. आजचा त्यांचा सोशल पॉलिसी विभाग त्याच मुळावरचा. थोरले भाऊ सर दोराबजी, त्यांच्या ट्रस्टनं १९३६ ला नागपाड्याला समाजकार्याची शाळा काढली, तीच आजची टिस. दोन भावांचे पैसे दोन शहरांत एकाच पिकाला लागले. मुंबईच्या पोरीनं हे माहीत नसताना एलएसईच्या फॉर्मवर सही करू नये.

काका

---

प्रेषक: मृ., सध्या चेंबूर

नी. मावशी,

मी पदवी तिकडे केली, ओव्हरसीज फी भरून, आणि आता गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये घरांच्या प्रश्नावर काम करते. त्यामुळे काकांशी अर्धीच सहमत.

तिकडे पहिल्या वर्षी ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा पाया घालणारा बेव्हरिजचा १९४२ चा अहवाल येतोच: अभाव, आजार, अज्ञान, बकालपणा, बेकारी हे पाच राक्षस. मग ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा, या विषयाचे एलएसईतले जुने प्राध्यापक टिटमस, समाजशास्त्रज्ञ मार्शलची नागरिकत्वाची मांडणी. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्रज्ञ एस्पिंग-अँडरसनचं १९९० चं कल्याणकारी राज्यांचं तीन गटांतलं वर्गीकरण. ते अठरा श्रीमंत देशांवर बेतलेलं आहे. भारत कुठल्या गटात असं मी ट्युटोरियलमध्ये विचारलं, तर सर छान हसले आणि 'त्यावरच निबंध लिही' म्हणाले. लिहिला. पण वाचायला लागणारं निम्मं मी स्वतः शोधलं.

खरं जे मिळालं ते संख्याशास्त्र आणि युक्तिवाद. सर्व्हेचा डेटा उघडून त्यात काय दडलंय ते काढायचं, आणि दुसऱ्याचा निष्कर्ष कुठे लंगडा आहे ते दाखवायचं. इथल्या बीएच्या पेपरांत मला ते कमी दिसतं, रागावू नका. जे मिळालं नाही ते इथे येऊन शिकले. एसआरएत (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) घर मिळणार की नाही हे 'अ‍ॅनेक्शर टू' नावाच्या, कोण पात्र नि कोण अपात्र याच्या यादीवर ठरतं. परवा एक काकू आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत लाइट बिलं, जुन्या मतदार यादीची झेरॉक्स, नवऱ्याच्या नावाची सर्व्हेची पावती. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर घर फुकट, त्यानंतर २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. पुरावा होता, पण त्या राहतात पोटमाळ्यावर, आणि योजना मोजते तळमजल्याची झोपडी. अपात्र. असा पोटमाळा मला तीन वर्षांत कुठल्याच रीडिंग लिस्टमध्ये भेटला नाही.

आता टिसचं. देवनारचा कॅम्पस मुख्यतः एमएवाल्यांचा. बीएचे जुने कोर्स तुळजापूर आणि गुवाहाटीचे, प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर. म्हणजे 'घरून जाऊन-येऊन' बहुधा होणार नाही. मुंबईत राहायचंच तर निर्मला निकेतनचा बीएसडब्ल्यू आहे, १९५५ चं कॉलेज, फील्डवर्क कसून करून घेतात. पण ते समाजकार्य, तिला हवी ती धोरणाची बाजू त्यात थोडी. इकडे या क्षेत्रातले बहुतेक लोक अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात बीए करून मग एमएला वळलेले आहेत.

ओसीआयचं एक लक्षात ठेवा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं प्रवेश परीक्षांमध्ये ओसीआय मुलांना एनआरआय किंवा अतिरिक्त जागांवरच ठेवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्यांची कार्डं त्याआधीची आहेत त्यांना हे लागू नाही. तुमच्या लेकीचं कार्ड जुनं, म्हणजे ती बचावली. पण प्रत्येक कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसाला हा निकाल माहीत असेलच असं नाही. लेखी विचारा.

आणि आजींना हळूच सांगा: यूपीएससी होणार नाही. आयएएसला भारतीय नागरिकच लागतो, सरकारी नोकरीत ओसीआय चालत नाही. मला वाटतं तुमच्या घरी भांडण फीवर चाललंय, पण खरा निर्णय हा आहे. इथे धोरण ठरतं सरकारच्या आत, आणि तुमच्या मुलीला ते दार आज बंद आहे. बाहेरून, संस्थेतून किंवा संशोधनातून काम करता येतं, मी तेच करते, पण ते डोळे उघडे ठेवून निवडावं. तिकडचं सरकारी दार मात्र तिला उघडं आहे. कुठल्या सरकारवर काम करायचंय ते तिनं ठरवलं की कॉलेज आपोआप ठरेल.

मृ.

---

प्रेषक: काका, नायगाव

मृ. चा मुद्दा बिनतोड आहे. पासपोर्टचा विचार मी केलाच नव्हता. तरी पहिली पदवी इथे, मग तिकडे एक वर्षाचं मास्टर्स, हा मार्ग मी सोडत नाही. एकाच वर्षाची फी जाते, आणि पोर काय विचारायचं ते ठरवून जाते.

काका

---

प्रेषक: नी., मुलुंड पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. स्लिप काढली. पीटी २००. पेरोल मुंबईचाच, तेव्हा होम फीचा विषय आमच्यापुरता मिटला. हे दोन दिवस जरा गप्प आहेत.

सासूबाईंना ओसीआयचं सांगितलं, तर म्हणाल्या, 'मग तो पासपोर्ट बदलून घ्या की.' त्यावर कन्या पहिल्यांदाच नीट विचारात पडली. अठरा पूर्ण झाल्यावर तो तिचा तिनं घ्यायचा निर्णय, मी काही बोलणार नाही.

तूर्त ठरलंय ते असं: सीयूईटीचा फॉर्म भरायचा, मुंबईत अर्थशास्त्र-समाजशास्त्राचं बीए हाताशी ठेवायचं, आणि तिकडे यूकासवरही (तिथल्या पदवीप्रवेशांची सामायिक अर्जव्यवस्था) अर्ज करायचा, पण स्कॉलरशिप मिळाली तरच जायचं. वि. भाऊजी, यूकासच्या तारखा आणि त्या पर्सनल स्टेटमेंटचं सांगाल का? शाळेतल्या काउन्सेलर बाईंना फक्त इंजिनीअरिंगचे अर्ज माहीत आहेत.

नी.

---

प्रेषक: वि., हॅरो

ताई,

पाच निवडी करता येतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी १५ ऑक्टोबर, पण ऑक्सफर्डला पदवीला हा विषय स्वतंत्र नाहीच, त्यामुळे तुम्हाला जानेवारीच्या मध्याची तारीख. शाळेचं शिफारसपत्र आणि अपेक्षित मार्क लागतात, ते दिवाळीच्या सुट्टीआधी मागून घ्या, नंतर शाळा प्रीलिममध्ये बुडते.

स्टेटमेंट आता एकसंध निबंध नाही. २०२६ च्या प्रवेशांपासून तीन प्रश्न आहेत: हाच विषय का, अभ्यासानं तयारी कशी झाली, आणि शाळेबाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, स्पेस धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. 'लहानपणापासून मला समाजसेवेची आवड' हे वाक्य आलं तर खोडायला लावा. मावशींच्या फॉर्मचं लिहू दे: कुठला कागद अडला, बँक खातं आधारला जोडलेलं होतं का, अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट त्यांना कशी कळली.

वि.

---

प्रेषक: मृ., सध्या चेंबूर

दुसऱ्या प्रश्नासाठी एक भर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची जिल्हावार पत्रकं इंटरनेटवर फुकट आहेत. ते सर्वेक्षण चालवणारी आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था देवनारलाच आहे, टिसच्या शेजारच्या भागात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर अशी दोन पत्रकं शेजारी ठेवून तिला एकच फरक निवडायला सांगा आणि तो का असेल यावर पानभर लिहायला सांगा. गणित आहे तिचं, जमेल.

आणि मावशी, शनिवारी आमच्याकडे अ‍ॅनेक्शर टूच्या हरकतींचे अर्ज लिहायचं काम असतं. मराठी स्वच्छ लिहिणारी माणसं कमी पडतात. तिला पाठवा. मुलुंडहून ट्रेननं कुर्ला, तिथे हार्बर बदलून गोवंडी. डबा घेऊन येऊ दे, आमच्याकडे फक्त चहा मिळतो.

मृ.