मदत हवी आहे: कॉर्डेलिया की सिंगापूरची क्रूझ?

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकचे, आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलगा. दिवाळीनंतर क्रूझ करायचीये. कॉर्डेलिया या भारतीय क्रूझचं बरंय, कसारा घाट उतरून मुंबईत बोटीवर चढायचं, व्हिसाची कटकट नाही, जैन जेवणही मिळतं. पण मुलाला गेंटिंग ड्रीम या क्रूझ बोटीवरच्या वॉटर स्लाइड्स हव्यात आणि ती सिंगापूरहून निघते म्हणजे विमान, व्हिसा सगळं आलं. रॉयल कॅरिबियन या दुसऱ्या परदेशी क्रूझ कंपनीत तर टिप वेगळी लागते, रोजची, माणशी, त्यामुळे जाहिरातीतला आकडा बघून हिशोब करूच नका. बाबांना रात्री गरम पोळी-वरण-भात लागतंच, नुसत्या ब्रेडवर ते राहणार नाहीत. ज्यांनी दोन्हीकडे प्रवास केलाय त्यांनी प्लीज सांगा, शाकाहारी जेवण कुठे चांगलं आणि सगळं धरून पैसे कुठे वसूल होतात?