वस्तीतली मानाची झाडं : झाडफेरीचे अनुभव लिहा

पानगळ
काल सकाळी दाराबाहेरच्या चपलेत बुचाचं फूल पडलेलं दिसलं. पांढरं, लांब नळीचं, ताजं. आणि एकदम शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाई आठवल्या. एका शनिवारी त्यांनी आम्हाला पुस्तकं मिटायला लावली आणि शाळेमागच्या रस्त्याने हिंडवलं. झाड आलं की थांबायचं, खोडाला हात लावायचा, खाली काय पडलंय ते उचलायचं. नाव सगळ्यात शेवटी. बुचाची साल अंगठ्याने दाबली की आत जाते, हे तेव्हा कळलं ते अजून बोटात आहे.

आता वस्तीतले काही जण मिळून आम्ही अशीच झाडफेरी काढतो. मानाची झाडं ठरलेली आहेत: थोरला वड, चौकातला वर्षावृक्ष, कुंपणाला टेकलेला कैलासपती आणि एक उंबर, जो भिंतीतून उगवून भिंतीपेक्षा मोठा झालाय. लोक रोज ज्याच्याखाली गाडी लावतात त्याच झाडाकडे पहिल्यांदा मान वर करून बघतात, ते मला फार आवडतं. तुम्ही अशी फेरी केली असेल, किंवा मनातल्या मनात रोज करत असाल, तर लिहा. लांबलं तरी चालेल.

खारुताई
कैलासपती!! आमची फेरी तिथेच अडकते, पुढे सरकतच नाही. फुलं थेट खोडावर, आणि वास असा की डोळ्यांआधी नाकाला कळतं. त्या फुलात मध नसतो. भुंगे, माश्या येतात ते परागासाठी, आणि झाडाकडे पराग दोन प्रकारचे: एक बी धरायला, दुसरा पाहुण्यांना खायला. हे ऐकून एक आजोबा म्हणाले, "यजमान हुशार आहे हो!" फळं तोफगोळ्याएवढी असतात, खाली उभं राहून फोटो काढू नका. दार वाजतंय, नंतर येते.

भटक्या
वर्षावृक्ष बघायचा तर संध्याकाळी. पानं मिटायला लागतात. ढग दाटले तरी मिटतात. दुपारी ज्या झाडाखाली उन्हाचा ठिपका सापडत नाही त्यातूनच रात्री आभाळ दिसतं. आम्ही मुद्दाम उशिरा निघालो, शेवटचा थांबा तोच ठेवला. पोरं ओरडली, "झाड झोपलं!"

हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, म्हणून आमच्यातले एक जण नाक मुरडत होते. मला ते पटत नाही. गुलमोहर तरी मादागास्करचाच की. नवीन लावताना देशी लावा, जरूर लावा. पण जे उभं आहे, ज्याच्यावर पक्षी राहतात, ते सांभाळायलाच हवं.

नवखी
गोरखचिंच म्हणजे चिंचेचाच प्रकार का? आमच्या आवारात अवाढव्य खोडाचं एक झाड आहे, कोणीतरी गोरखचिंच म्हणालं. वर एक पान नाही. वाळलंय म्हणून पाडायचं बोलणं चाललंय. रविवारी बैठक. पोटात गोळा आलाय.

दुपारची सावली
अगं बाई. नको गं पाडू देऊ.

वाटाड्या
नवखीताई, आधी ते थांबवा. चिंचेशी हिचं नातं नाही, ही सावरीच्या जवळची. मूळ आफ्रिकेतली. कोरड्या दिवसांत कित्येक महिने निष्पर्ण असते, पाणी खोडात साठवलेलं असतं. पावसाच्या तोंडाशी पालवी फुटते, पंजासारखी पानं. मोठी पांढरी फुलं खाली लोंबतात, रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी गळतात. वटवाघळं येतात त्यांच्यावर.

कोवळी फांदी नखाने जरा खरवडा. आत हिरवं ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे. आणि घेर मोजून ठेवा, जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर. आपल्याकडे झाडाचा घेर साधारण त्याच उंचीवर मोजतात. बैठकीत "मोठं झाड" म्हटलं की कोणी ऐकत नाही, आकडा सांगितला की ऐकतात. मात्र घेरावरून वय सांगू नका. गोरखचिंचेची जुनी खोडं पोकळ असतात, हिशेब चुकतो.

दुपारची सावली
आमच्या वडाचं मूळ खोड कुजलं तेव्हा सगळे म्हणाले, संपलं. मी तर रडले होते. मग कळलं, हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या त्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड 1925 साली काढावं लागलं, आणि झाड आजही पारंब्यांवर उभं आहे, पसरतंय. आमच्याही वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्यात. पण खाली फरशी आहे! पारंबीने रुजायचं कुठे? निदान चार फरश्या काढा म्हणून मागे लागलेय.

आजीची नात
आजीला आता फारसं दिसत नाही. तिला फेरीला नेलं तर सगळे म्हणाले, तिला काय कळणार. तिने काठी माझ्याकडे दिली आणि सावरीच्या खोडावर हात ठेवला. काटे होते. पुढची सावर जुनी, खोड बुंध्याशी जवळजवळ गुळगुळीत. "पहिली लहान होती ना गं?" म्हणाली. बरोबर! सावरीचे काटे वयाने झिजतात. फेरीतल्या कोणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं.

मग बकुळ. सुकलेली फुलं पदरात बांधली, सुकूनही वास जात नाही त्यांचा. करंजाची नवी पालवी गालाला लावून बघितली. पिंपळाशी पोचायच्या आधीच थांबली, सळसळ ऐकून. शेवटी लोक तिलाच विचारायला लागले, हे कुठलं, ते कुठलं. आता पुढच्या फेरीला पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून चालायचं ठरलंय, एकमेकांचा हात धरून.

खारुताई
आले परत. आजीची नात, डोळ्यांत पाणी आणलंत. आजींना नमस्कार सांगा 🙏

भटक्या
आजींना सप्तपर्णीचं विचारा. ऑक्टोबरात तिच्या वासाने माझं डोकं धरतं, बायकोला तोच आवडतो. खिडकीचं भांडण दरवर्षीचं.

आजीची नात
विचारलं दादा. "लांबून छान, उशाशी नको" म्हणाली.

खारुताई
😂😂 वहिनींना दाखवा हे.

नवखी
वाटाड्याकाका, खरवडलं. हिरवं आहे!!! हात थरथरत होते. आता टेप घेऊन उभी आहे. पण नेमका त्याच उंचीवर खोडाला फुगवटा आहे. कुठून धरू?

वाटाड्या
शाब्बास. फुगवटा टाळून त्याच्या खाली जिथे खोड सरळ आहे तिथे धरा, आणि कुठल्या उंचीवर मोजलं ते शेजारी लिहा. टेप आडवी समपातळीत हवी, कोणाला तरी पलीकडून धरायला सांगा. हिरव्या फांदीचा फोटोही काढा.

नवखी
वॉचमनदादा धरतायत पलीकडून. तेही म्हणाले, मी येतो रविवारी.