गाठीभोवतीची प्रथिनं कॅन्सर वाढवतात म्हणून बाबांची डाळ-अंडी बंद केलीत. बरोबर आहे का?

वृषाली_सातारा:
बाबा ६४ वर्षांचे. दिवाळीनंतर लघवीतून रक्त गेलं, दुखलं नाही म्हणून महिनाभर कुणाला बोलले नाहीत. मूत्राशयातली गाठ दुर्बिणीने काढली. रिपोर्ट: हाय ग्रेड, लॅमिना प्रोप्रियात शिरकाव, स्नायूत नाही. आता डॉक्टर म्हणतात, चार आठवड्यांनी पुन्हा तिथंच खरवडायचं, मग बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लसीतले जिवंत जंतू मूत्राशयात सोडायचे. गाठ निघाली तर परत तिथंच कशाला? त्यात आत्यांनी प्रथिनांचं कुठंतरी वाचलं आणि बाबांचं वरण, अंडी, दूध सगळं बंद झालं. माणूस वाळत चाललाय.

स्लाइडवाली:
वृषाली, आधी आज रात्री बाबांना वरण वाढा. किडनीचा त्रास असेल तरच डॉक्टरांना विचारून कमी-जास्त करा. खाल्लेली डाळ पोटात सुटी होते, ती जशीच्या तशी गाठीपाशी जात नाही. आत्यांनी वाचलेली प्रथिनं वेगळी, ती मूत्राशयाच्या भिंतीतच तयार होतात.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा स्लाइड रोज बघते. मूत्राशयाच्या अस्तराखाली लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारच्या कोलॅजनची एक पातळ चटई असते. तिच्याखाली लॅमिना प्रोप्रिया, म्हणजे कोलॅजन, फायब्रोनेक्टिन, रक्तवाहिन्या. त्याखाली स्नायू. लो ग्रेड, म्हणजे कमी आक्रमक पेशींची गाठ बहुतेक वेळा चटईच्या वरच, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी पोकळीत वाढते. बाबांच्या गाठीने चटई ओलांडलीय. ती कापायला एमएमपी-२, एमएमपी-९ ही विकरं लागतात आणि ती एकट्या कॅन्सरपेशी बनवत नाहीत, शेजारच्या फायब्रोब्लास्ट पेशीही बनवतात. टीजीएफ-बीटा या निरोप देणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर याच फायब्रोब्लास्ट जास्तीचं कोलॅजन विणतात, जागा घट्ट होते. पेशींभोवतीच्या या प्रथिनांचं जाळं कापलं की त्यात अडकलेले वाढीचे घटकही मोकळे होतात.

प्रयोगशाळेत एक गोष्ट दिसलीय, ती मला फार महत्त्वाची वाटते. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या त्याच पेशी डुकराच्या आतड्याच्या निरोगी जाळ्यापासून केलेल्या जेलवर ठेवल्या तर थर करून गप्प राहतात. उंदराच्या गाठीपासून केलेल्या जेलवर ठेवल्या की आत घुसतात.

२०१८ साली असंही दिसलं की आजार पसरलेल्या ज्या रुग्णांना अटेझोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाचा उपयोग झाला नाही, त्यांच्यात टीजीएफ-बीटाचा जोर जास्त होता. गाठ मारायला आलेल्या टी-पेशी भोवतालच्या कोलॅजनमध्येच अडकून पडल्या होत्या.

पुन्हा खरवडायचं कारण साधं आहे. तळाशी काही उरलं असू शकतं, आणि स्नायूचा आणखी तुकडा मिळाला तर खोली नक्की कळते. ते टाळू नका.

गणपतराव_इचलकरंजी:
मी रंगखात्यात २२ वर्षं होतो, २०१९ ला हेच निघालं. बीसीजी आठवड्याला एक, असे सहा डोस. औषध दोन तास धरून ठेवायचं. दोन दिवस जळजळ, थोडा ताप. सहन होतं. ताप उतरला नाही तर मात्र लगेच दवाखाना. बाबा बिडी ओढत असतील तर ती आधी सोडवा, वरण नव्हे.

वृषाली_सातारा:
बिडी आहेच काका, चाळीस वर्षांची. आज वरण-भात आणि दोन अंडी खाल्ली, आत्यांसमोरच. ताई, या प्रथिनांची तपासणी करून घ्यायची का?

स्लाइडवाली:
नको, पैसे घालवू नका. उपचार ग्रेड, खोली आणि सीआयएस (अस्तरातच सपाट पसरलेला हाय ग्रेड कॅन्सर) आहे की नाही यावर ठरतात. रिपोर्टमध्ये सीआयएस लिहिलंय का, तेवढं बघून सांगा.

आणि आत्यांना एक सांगा. बीसीजीचे जंतू मूत्राशयाच्या भिंतीला धरतात ते फायब्रोनेक्टिनला चिकटून. तेही त्याच जाळ्यातलं प्रथिन. जखम ओली असेल किंवा लघवी लाल असेल तर डोस पुढे ढकलतात, म्हणून प्रत्येक डोसच्या आधी लघवीचा रंग डॉक्टरांना न चुकता सांगा.