शब्दचर्चा : अळंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री

पानगळ
रानातल्या भूछत्रांची ओळख या विषयावरचा मजकूर मराठीत करायचा आहे. अळंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री, बुरशी आणि कवक हे शब्द सगळीकडे एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. 'अळंबी म्हणजे खाण्याजोगी, कुत्र्याची छत्री म्हणजे विषारी' असा भेद कितपत खरा? शिवाय टोपीखालच्या पडद्यांना आणि देठाच्या बुडाशी असणाऱ्या पिशवीला काय म्हणावं?

सूक्ष्मदर्शी
मोठ्या गटाकडून लहान गटाकडे येऊ.

'कवक' हे अख्ख्या सृष्टीचं नाव. पेशीभित्तिका कायटिनची, हरितद्रव्य नाही, अन्नावर विकरं (एन्झाइम) सोडून ते बाहेरच पचवायचं आणि मग शोषून घ्यायचं, ही त्यांची लक्षणं. यीस्ट, ओल्या भिंतीवरचा थर, झाडाच्या खोडावरचे कठीण कंगोरे आणि छत्र्या हे सगळं कवकच. जुन्या कोशांत 'हरितद्रव्य नसलेली वनस्पती' अशी व्याख्या सापडते, ती आता बाद समजावी. व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली, आणि जनुकांवरून पाहिलं तर कवकं वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत.

'बुरशी' म्हणजे बोलीत पिठूळ किंवा कापसासारखा दिसणारा थर. पाठ्यपुस्तकांत तो कवक या अर्थानेही येतो, म्हणून संदर्भ पाहून घ्यावा.

'भूछत्र' हा अवयव आहे. कवकाचं मुख्य अंग म्हणजे मातीत किंवा लाकडात पसरलेलं तंतूंचं जाळं, कवकजाल. बीजाणू पसरवण्यासाठी ते वर जे काढतं ते भूछत्र. त्यामुळे 'भूछत्र मेलं' हे वाक्य चुकीचं ठरतं. छत्री सडली तरी जाळं वर्षानुवर्षं जगू शकतं. अमेरिकेतल्या ओरेगनच्या जंगलात आर्मिलारिया कवकाचं एकच जाळं नऊ चौरस किलोमीटरहून जास्त जागेवर पसरलेलं आहे, आणि वर्षातला बराच काळ त्याची एकही छत्री जमिनीवर दिसत नाही.

ओवी_अक्षर
व्याकरणाचा मुद्दा जोडतो. 'अळंबे' हे नपुंसकलिंगी एकवचन, त्याचं अनेकवचन 'अळंबी'. पुढे तेच अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचन म्हणून रुळलं आणि 'अळंब्या' असं नवं अनेकवचन निघालं. म्हणून 'अळंबी उगवली' हे वाक्य एकीबद्दल की अनेकांबद्दल, हे नुसत्या वाक्यावरून कळत नाही. ओळख सांगणाऱ्या मजकुरात एक नमुना आणि झुबका हा फरक महत्त्वाचा असतो, तेव्हा तिथे 'भूछत्र, भूछत्रे' ही जोडी जास्त सोयीची. शेतीच्या लिखाणात 'अळिंबी', 'आळिंबी' अशी रूपं दिसतात. अर्थ तोच. एका मजकुरात एकच रूप ठेवा म्हणजे झालं.

रानवाट
खाण्याजोगी आणि विषारी हा भेद शब्दांवर टांगू नका, ही कळकळीची विनंती. 'कुत्र्याची छत्री' म्हणजे लोकांनी ज्याकडे दुर्लक्ष केलं ते सगळं. त्यात जीवघेणी आहेत, निरुपद्रवी आहेत आणि नुसती कडू किंवा लाकडासारखी कठीणही आहेत. 'अळंबी' हे नाव परिसरातल्या लोकांनी ओळखून वापरलेल्या काही जातींचं. दोन्ही नावं वापरावरून पडली आहेत, नात्यावरून नाही. ॲमानिटा या एकाच प्रजातीत खाल्ली जाणारी जात आहे आणि माणूस दगावणारीही आहे.

याच ओघात आणखी एक जोडी: 'विषारी' आणि 'अखाद्य'. अखाद्य म्हणजे चव, वास किंवा पोत यांमुळे न खाण्यासारखं. त्याला विषारी म्हटलं की विषारी शब्दाची धार जाते.

सूक्ष्मदर्शी
आता अवयव. मी वापरतो ते शब्द असे.

टोपी: वरचा भाग. 'छत्र' म्हटलं की पूर्ण भूछत्राशी घोळ होतो.

पाती (एकवचन पाते): टोपीखाली देठाकडून कडेकडे जाणारे पातळ उभे पडदे. काही जण इंग्रजी 'गिल'वरून 'कल्ले' लिहितात. माशाचे कल्ले श्वसनाचे. इथे त्या पृष्ठभागावर बीजाणू तयार होतात. त्यामुळे पाती बरं. पाती देठाला कशी भेटतात हे नोंदवावंच लागतं. देठाआधीच थांबणारी ती 'सुटी', सरळ टेकणारी 'जोडलेली', देठावर खाली ओघळणारी 'उतरती'. बोलेटससारख्यांना पाती नसतात, तिथे टोपीखाली नळ्या आणि त्यांची छिद्रं दिसतात. काहींना लोंबणारे काटे असतात.

देठ. यावर 'वलय' असू शकतं. कोवळेपणी पात्यांवर ताणलेला पडदा टोपी उघडताना फाटतो, त्याचा उरलेला भाग म्हणजे वलय.

तळपिशवी: पूर्ण कोवळ्या भूछत्राभोवती असणाऱ्या बाहेरच्या आवरणाचा देठाच्या बुडाशी राहिलेला पेला. त्याच आवरणाचे तुकडे टोपीवर चिकटून राहिले तर ते 'ठिपके' नव्हेत, 'खपल्या'. पावसाने धुऊन जातात. म्हणून खपल्या नाहीत एवढ्यावरून काहीही ठरवू नये.

पानगळ
'तळपिशवी' पटला. पण फोटोंमध्ये ती जवळजवळ कधीच दिसत नाही.

रानवाट
कारण लोक भूछत्र वरून खुडतात आणि पिशवी मातीतच राहते. नमुना घ्यायची रीत अशी: देठापासून बोटभर अंतर सोडून सुरी तिरकी खुपसायची आणि मातीसकट उचकटायचं. शक्य असेल तर एक कोवळं, एक अर्धं उघडलेलं आणि एक पूर्ण उघडलेलं असे तीन घ्यावेत. ते प्लास्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत ठेवायचे, कारण प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि काही तासांत पाती पाणावून रंग बदलतो. कशावर उगवलं होतं (माती, शेण, मेलेलं लाकूड, जिवंत झाडाचं बूड), जवळ कोणती झाडं होती, हे जागेवरच लिहायचं. ॲमानिटाच्या बहुतेक जाती झाडांच्या मुळांशी सहजीवनात राहतात, म्हणून शेजारचं झाड हा पुरावाच असतो. मात्र जमिनीत गाडलेल्या लाकडावर उगवलेलं भूछत्र मातीतून आल्यासारखं दिसतं. थोडं उकरून पाहिल्याशिवाय 'मातीवर' लिहू नये.

वारुळाच्या भूछत्रांबाबत वेगळी काळजी. टर्मिटोमायसिसचा देठ मुळासारखा निमुळता होत खोल वाळवीच्या कवकबागेपर्यंत जातो. उपटलं की तुटतो आणि ओळखीची मुख्य खूण हातची जाते. त्याला 'मूळ' म्हणू नका, कवकांना मुळं नसतात. 'मुळासारखा देठ' चालेल.

ओवी_अक्षर
मग बीजाणूंच्या 'स्पोअर प्रिंट'ला 'छाप' की 'ठसा'? आणि 'बीज' का नको?

सूक्ष्मदर्शी
ठसा. छाप म्हटलं की दाबून उठवलेलं वाटतं, हे तर आपसूक पडतं.

'बीज' नको, कारण बीमध्ये गर्भ आणि त्याच्यासाठी अन्नसाठा असतो. छत्रीवाल्या भूछत्रांचा बीजाणू म्हणजे सहसा एकच पेशी, बहुधा ५ ते १५ मायक्रोमीटरची, तीही उघड्यावर पडून नशीब काढणारी. पात्यांवरच्या गदेसारख्या प्रत्येक पेशीवर सहसा चार बीजाणू धरतात. अगॅरिकस बायस्पोरस या बटण अळंबीत मात्र दोनच, म्हणून ते नाव. (जिवाणूंच्या संदर्भातही 'बीजाणू' म्हणतात. तिथे तो वाईट काळ तगून राहण्यासाठी असतो, पुनरुत्पादनासाठी नाही. मजकुरात दोन्ही येत असतील तर एकदा खुलासा करावा.)

ठसा असा घ्यायचा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्या. पांढऱ्यावर पांढरा ठसा दिसत नाही, म्हणून दोन रंग. देठ टोपीला लागून कापा. पाती खाली करून टोपी दोन्ही रंगांवर अर्धी-अर्धी येईल अशी ठेवा. टोपी सुकट असेल तर वर पाण्याचा एक थेंब टाका. वाऱ्याने बीजाणू उडू नयेत म्हणून वर वाटी पालथी घाला आणि ४ ते १२ तास हलवू नका. रंग दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळ्या दिव्याखाली मलईचा रंग आणि पांढरा सारखेच दिसतात.

ठसा पडला नाही तर भूछत्र फार कोवळं आहे (पडदा अजून फाटलेला नाही), फार जून आहे किंवा आधी फ्रीजमध्ये राहून भिजलं आहे. कागदावर ओला तपकिरी डाग उठला तर तो कुजण्याचा रस आहे, ठसा नव्हे.

रंगांचा ढोबळ हिशेब: ॲमानिटा पांढरा, व्हॉल्व्हारिएला आणि एंटोलोमा गुलाबी, अगॅरिकस चॉकलेटी, गॅलेरिना आणि कॉर्टिनेरियस गंजाच्या रंगाचा, कोप्रायनस काळा. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस हिरवट.

पानगळ
पात्यांचा रंग पाहून हे ठरत नाही का? ठशाची खटपट वाचेल.

रानवाट
इथेच माणसं फसतात. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस गवताळ मैदानावर गोल रांगेत उगवतं, वलय असतं, आणि कोवळेपणी पाती पांढरीशुभ्र. हिरवट छटा उशिरा येते. खाल्लं तर काही तासांत उलट्या-जुलाब. खाल्ल्या जाणाऱ्या व्हॉल्व्हारिएलाची पातीही आधी पांढरीच असतात, बीजाणू पिकल्यावर गुलाबी होतात. त्यालाही तळपिशवी असते, वलय नसतं. कोवळ्या अवस्थेत ते जीवघेण्या ॲमानिटा फॅलॉइडिससारखं दिसतं. आशियातून अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेलेल्यांनी हीच गफलत केल्याच्या आणि त्यात माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत.

अंड्यासारखं बंद भूछत्र मिळालं तर उभं मधोमध चिरायचं. आत टोपी, पाती आणि देठाची बाह्यरेषा दिसली तर ते छत्रीचं पिल्लू आहे. आत सगळीकडे सारखा पांढरा गर असेल तर भुईफोडाची (टोपी-देठ नसलेल्या गोळ्यासारख्या कवकाची) शक्यता. गर काळपट-जांभळा आणि साल जाड, कडक निघाली तर स्क्लेरोडर्मा, तेही विषारी.

आणि उलट बाजूनेही सावध. तळपिशवी नाही म्हणून निर्धोक, असं नाही. गॅलेरिना मार्जिनाटाला पिशवी नसते, लेपिओटाच्या काही लहान जातींनाही नसते. दोन्हींत फॅलॉइडिसमधलीच अमॅटॉक्सिन ही विषं असतात.

ओवी_अक्षर
'विष उतरणे' हा वाक्प्रयोग या विषाला लावता येईल का?

सूक्ष्मदर्शी
लावू नये, वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. अमॅटॉक्सिन पेशीतल्या आरएनए पॉलिमरेज-२ या विकराला अडवतं, त्यामुळे नवी प्रथिनं बनणं थांबतं. पहिली लक्षणं सहसा ६ ते १२ तासांनी, कधी त्याहून उशिरा. उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं. 'विष उतरलं' लोक म्हणतात ते याच टप्प्यावर, आणि यकृताची हानी तेव्हाही चालूच असते. मजकुरात 'फसवी सुधारणा' असा शब्द वापरा. कॉर्टिनेरियसच्या काही जातींतलं ओरेलानिन तर मूत्रपिंडावर दोन दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही उमटतं, तोवर काय खाल्लं होतं हेही माणूस विसरलेला असतो.

शिजवून, वाळवून, पाणी टाकून अमॅटॉक्सिन जात नाहीत. चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण काळी पडणं, गोगलगाईने खाल्लेलं असणं, टोपीची साल सहज सुटणं या सगळ्या कसोट्या खोट्या. गर कापल्यावर निळा पडणं हीही विषाची खूण नाही. बोलेटसमधली काही रंगद्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनने निळी होतात, त्यांत खाण्याजोग्या जातीही आहेत. निळेपणा नोंदवायचा तो ओळखीसाठी, किती सेकंदांत आला त्यासह.

पानगळ
एक शेवटचं. 'रात्रीत उगवलं' असं सगळे म्हणतात. उगवणं हे क्रियापद बरोबर आहे का?

रानवाट
बोलीत चालेल. बीजाणूला 'रुजणे' म्हणा, छत्रीला 'वर येणे' किंवा 'फुटणे'. पेशी आधीच जमिनीखालच्या गाठीत तयार झालेल्या असतात. पाऊस पडला की त्या पाणी शोषून फुगतात आणि देठ लांबतो. म्हणूनच ताज्या भूछत्रात सुमारे ९० टक्के पाणी असतं, आणि काल घेतलेली मापं आज जुळत नाहीत. टोपीची रुंदी आणि देठाची लांबी लिहिताना टोपी मिटलेली होती की उघडलेली तेही लिहा.